मायकेल फॅरेडे : लोहाराचा मुलगा आणि गोठणारे पोलाद

मायकेल फॅरेडे हे नाव माहीत नसलेला विद्यार्थी आपल्या कॉलेजात शोधूनही सापडणार नाही. बारावीला त्याचा नियम आपण पाठ केलेला असतो, त्यातले उणे चिन्ह लेंझचे हेही माहीत असते, आणि फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या आधी तो पुन्हा एकदा भेटतो. नंतर इलेक्ट्रिकलवाले सोडले तर बाकीच्यांचा आणि त्याचा संबंध संपतो. माझी ब्रँच मेटलर्जी. आमचा आणि फॅरेडेचा काय संबंध, असे कुणीही विचारेल.

संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. एक म्हणजे फॅरेडेने उमेदीची काही वर्षे चक्क पोलादावर घालवली होती, आणि तेही आपल्या हिंदुस्थानी पोलादाच्या मागे लागून. दुसरे म्हणजे आज पोलाद गोठत असताना चुंबकाच्या जोरावर ते ढवळतात आणि त्याची आतली रचना बारीक, एकसारखी करतात. आमच्या सॉलिडिफिकेशनच्या पुस्तकात याला जेमतेम अर्धे पान दिले आहे. या यंत्राच्या मुळाशी फॅरेडेचाच शोध आहे. गंमत अशी की या दोन गोष्टी एकमेकींना कुठे भेटतात हे त्याला स्वतःला कधीच कळले नाही. म्हणून यंदाच्या अंकासाठी त्याचे चरित्र आमच्या ब्रँचच्या बाजूने लिहावे असे ठरवले. माझे शिक्षण इंग्रजी माध्यमातले, त्यामुळे जिथे मराठी शब्द सुचला नाही तिथे आपण लेक्चरला बोलतो तोच शब्द ठेवला आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स इथे झाला. वडील जेम्स हे लोहार. उत्तरेकडच्या वेस्टमोरलँडमधून ते पोटापाण्यासाठी लंडनकडे आले होते. प्रकृती साथ देत नसे, त्यामुळे रोज भट्टीपुढे उभे राहणे जमत नसे, आणि ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी मजुरी नाही. चार भावंडांत मायकेल तिसरा. शाळा म्हणाल तर लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब, एवढीच. पुढे आयुष्यभर त्याला गणित आले नाही ते इथूनच. त्याच्या हजारो पानांच्या लिखाणात समीकरण जवळजवळ सापडत नाही, हे एम-थ्री मध्ये अडकलेल्यांनी जरूर लक्षात ठेवावे!

१८०४ साली, तेराव्या वर्षी, तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोचवणारा पोऱ्या म्हणून लागला. दुसऱ्या वर्षी रिबोने त्याला पुस्तकबांधणी शिकायला उमेदवार म्हणून घेतले. मुदत सात वर्षे. बांधायला आलेली पुस्तके हा मुलगा वाचूनही काढायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा एक खंड असाच हाती आला आणि त्यातला विजेवरचा लेख त्याने वाचला. जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरचे पुस्तक वाचले. नुसते वाचून थांबला नाही, परवडतील तेवढे प्रयोग दुकानाच्या मागे करून पाहिले. संध्याकाळी विज्ञानाची व्याख्याने असत, त्यांना एक शिलिंग फी. ती फी थोरला भाऊ रॉबर्ट द्यायचा. तो वडिलांच्याच धंद्यात, लोहारकामात होता. १८१० मध्ये वडील वारले.

१८१२ मध्ये दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या शेवटच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचा लंडनमधला सर्वांत गाजलेला शास्त्रज्ञ. मायकेलने चारही व्याख्यानांची टिपणे काढली, घरी येऊन ती सविस्तर लिहिली, आकृत्या काढल्या आणि सुमारे ३०० पानांचे ते बाड स्वतःच्या हाताने बांधून डेव्हीकडे पाठवले. त्याच सुमारास प्रयोगात स्फोट होऊन डेव्हीच्या डोळ्यांना इजा झाली होती, तेव्हा काही दिवस लेखनिक म्हणूनही त्याने काम केले. मग प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसाला भांडणावरून काढून टाकले आणि ती जागा मायकेलला मिळाली. तारीख १ मार्च १८१३. आठवड्याचा पगार, वर माळ्यावर दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या. आपल्या होस्टेलसारखंच म्हणायचं, फक्त मेस नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेव्ही पत्नीसह युरोपच्या दौऱ्यावर निघाला. त्याच्या नोकराने ऐनवेळी यायला नकार दिला, म्हणून ते कामही फॅरेडेच्या गळ्यात पडले. पॅरिसमध्ये अँपिअर भेटला, मिलानमध्ये म्हातारा व्होल्टा भेटला, पण जेवायला बसायचे ते नोकरांच्या पंगतीत. डेव्हीची बायको त्याला नोकरासारखेच वागवत असे. सगळे सोडून घरी परत जावे असेही त्याच्या मनात येऊन गेले. तो गेला नाही. एप्रिल १८१५ मध्ये दौरा संपला तेव्हा पदवी नसलेला हा मुलगा युरोपातल्या बहुतेक मोठ्या प्रयोगशाळा पाहून आला होता.

आता पोलादाकडे येते. त्या काळी हिंदुस्थानात, विशेषतः दक्षिणेत, मुशीमध्ये लोखंड आणि लाकूडफाटा घालून, मूस मातीने बंद करून, भट्टीत तापवून एक पोलाद तयार करत. छोट्या वड्यांच्या रूपात ते विकले जाई. युरोपात त्याला वूट्झ म्हणत. दमास्कसच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या, अंगावर पाण्यासारखी नक्षी दिसणाऱ्या तलवारी याच जातीच्या पोलादाच्या. १७९४ मध्ये मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले आणि तिकडच्या शास्त्रज्ञांत त्याची चर्चा सुरू झाली. म्हणजे फॅरेडेच्या पोलादाच्या गोष्टीची सुरुवात आपल्या मुंबईच्या बंदरातून होते!

जेम्स स्टोडार्ट हा लंडनमधला चाकू-सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारा नामांकित कारागीर. वूट्झची धार इंग्लिश पोलादापेक्षा चांगली टिकते असा त्याचा अनुभव होता. त्याने फॅरेडेला हाताशी धरले. १८१९ मध्ये फॅरेडेने वूट्झचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. नमुन्यात त्याला सिलिका आणि अ‍ॅल्युमिना थोड्या प्रमाणात सापडले. वूट्झची जादू अ‍ॅल्युमिनियमच्या अंशात असावी असा त्याने तर्क केला. मग दोघांनी स्वतःच तसे पोलाद बनवायचा घाट घातला. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात भट्टी पेटवली आणि पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम, निकेल, क्रोमियम अशा एकेक धातूचा अंश घालून पाहिला. १८२० आणि १८२२ साली त्यावर त्यांचे दोन निबंध आले. १८२३ मध्ये स्टोडार्ट वारला आणि हे काम मागे पडले.

अ‍ॅल्युमिनियमचा तर्क पुढे टिकला नाही. पण त्याची प्रयोग करायची रीत बघा. त्याने केलेले नमुने एका लाकडी पेटीत, वर फॅरेडेचे नाव घातलेले, तसेच पडून राहिले. १९३१ मध्ये रॉबर्ट हॅडफिल्डने, म्हणजे आमच्या पुस्तकातल्या हॅडफिल्ड मँगनीज स्टीलवाल्यानेच, त्यातले ७९ नमुने बाहेर काढून तपासले आणि त्यावर एक अख्खे पुस्तक लिहिले. शंभर वर्षांनंतरही दुसऱ्या माणसाला तपासता येईल असे काम त्याने करून ठेवले होते.

इथे एक गोष्ट मनाला लागते. वूट्झच्या या गोष्टीत मुंबईच्या डॉक्टरचे नाव आहे, अध्यक्षांचे आहे, लंडनच्या कारागिराचे आहे. ज्याने ती मूस बांधली, भट्टीचा रंग बघून ती कधी उतरवायची हे ठरवले, त्या आपल्याकडच्या लोहाराचे नाव कुठेच नाही. लोहाराचा मुलगा लंडनमध्ये बसून दुसऱ्या लोहाराचे गुपित शोधत होता, आणि त्या दोघांत एका शब्दाचीही देवाणघेवाण होणे शक्य नव्हते.

पोलादाच्या कामाच्या मध्येच विजेचे वादळ आले. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवले की तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसूची हलते. सप्टेंबर १८२१ मध्ये फॅरेडेने पाऱ्याच्या भांड्यात एक चुंबक उभा केला, वरून एक तार अशी लटकवली की तिचे टोक पाऱ्यात बुडेल, आणि वीज सोडली. तार चुंबकाभोवती गोल गोल फिरू लागली. जगातली ही पहिली विद्युत मोटर. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचे सारा बर्नार्डशी लग्न झाले होते.

या शोधाने त्याला कीर्ती दिली आणि मनस्तापही दिला. वुलस्टन नावाच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाने डेव्हीबरोबर अशाच धर्तीचा प्रयत्न आधी केला होता. त्याची तार स्वतःभोवती फिरायला हवी होती आणि ती फिरली नव्हती. फॅरेडेचा प्रयोग वेगळा होता, पण निबंधात त्याने वुलस्टनचा उल्लेख केला नाही, आणि कल्पना चोरल्याची कुजबुज सुरू झाली. मार्च १८२३ मध्ये डेव्हीने स्वतःचा एक प्रयोग सादर केला. पाऱ्यातून वीज सोडून चुंबक जवळ आणला की पारा स्वतःच भोवऱ्यासारखा फिरू लागतो, असे त्याने दाखवले. आमच्या दृष्टीने हा प्रयोग फार महत्त्वाचा, कारण द्रवरूप धातूला हात न लावता चुंबकाने ढवळल्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण आहे. पण त्याच निबंधाच्या शेवटी डेव्हीने फिरण्याच्या मूळ कल्पनेचे श्रेय वुलस्टनला देऊन टाकले. ज्या माणसाने आपल्याला पुस्तकांच्या दुकानातून उचलून प्रयोगशाळेत आणले तोच आता विरोधात उभा. फॅरेडेचे नाव रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी पुढे आले तेव्हाही अध्यक्ष असलेल्या डेव्हीने विरोध केला. जानेवारी १८२४ मध्ये गुप्त मतदान झाले. फॅरेडे निवडून आला, विरोधात फक्त एक मत पडले. डेव्हीबद्दल वाईट बोलणे मात्र त्याने पुढे कायम टाळले.

यानंतरची काही वर्षे वरवर पाहता वाया गेली. दुर्बिणीसाठी निर्दोष काच बनवायचे सरकारी काम त्याच्याकडे आले. काच आणि धातू दोन्हीचे दुखणे एकच असते, ते म्हणजे वितळलेला रस एकजीव न होणे. जड घटक खाली बसतो, हलका वर राहतो, मध्ये रेषा उमटतात आणि बुडबुडे अडकतात. फॅरेडे तो रस प्लॅटिनमच्या ढवळणीने ढवळत असे. मदतीला सार्जंट अँडरसन हा तोफखान्यातला निवृत्त शिपाई. त्याचा एक किस्सा सांगतात. एकदा घरी जा हे सांगायचे फॅरेडे विसरून गेला, तर हा गडी रात्रभर भट्टीत कोळसा घालत बसून राहिला आणि सकाळी तिथेच सापडला! काच दुर्बिणीच्या फारशी कामी आली नाही. पण त्यातलाच एक जड काचेचा तुकडा १८४५ मध्ये फॅरेडेने चुंबकाच्या ध्रुवांजवळ ठेवला, त्यातून प्रकाश सोडला, आणि प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो हे पहिल्यांदा सिद्ध झाले.

मग २९ ऑगस्ट १८३१ हा दिवस उजाडला. मऊ लोखंडाची सहा इंच व्यासाची कडी, तिच्या एका बाजूला एक कॉइल, दुसऱ्या बाजूला दुसरी. पहिलीत वीज चालू केली की दुसरीला जोडलेली सुई क्षणभर हलते आणि पुन्हा शांत होते. बंद केली की उलटीकडे हलते. चुंबकत्व नुसते असून भागत नाही, ते बदलायला हवे, ही त्यातली मेख. २८ ऑक्टोबरला त्याने रॉयल सोसायटीच्या मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून सतत वाहणारा प्रवाह मिळवला. या तबकडीला एक इतिहास होता. काही वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये अरागोने दाखवले होते की तांब्याची तबकडी फिरवली की वर टांगलेली चुंबकसूची तिच्या मागे फिरू लागते. चुंबक फिरवला तर तबकडीही मागे येते. तांबे तर चुंबकीय नाही, मग हे कसे, ते कुणालाच सांगता येत नव्हते. फॅरेडेने उलगडा केला की बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे तांब्यात प्रवाह निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांवर चुंबकाचे बल लागते.

आता जरा थांबा आणि त्या तबकडीच्या जागी वितळलेल्या पोलादाचा रस ठेवा. तोही चुंबकीय नाही, पण वीज वाहून नेतो. भोवती चुंबकक्षेत्र फिरवलं की रस मागे येणार. झालं, आमचं स्टिरर तयार!

द्रवाचा विचार फॅरेडेच्याही मनात आला होता. धातूचा नव्हे, पाण्याचा. पृथ्वी हा चुंबक, थेम्स नदी हा वाहणारा वाहक, तर नदीच्या दोन काठांमध्ये विद्युतदाब मिळायला हवा. जानेवारी १८३२ मध्ये त्याने वॉटर्लू पुलाच्या कठड्यावरून ९६० फूट तांब्याची तार टाकली, दोन्ही टोकांना तांब्याचे पत्रे लावून ते पाण्यात सोडले आणि तीन दिवस सुई बघत बसला. सुई हलत होती, पण पत्र्यांवरच्या रासायनिक क्रियांमुळे आणि पाण्यातल्या फरकांमुळे. भरतवण्यासारखे काहीच हाती लागले नाही. त्याने तसेच लिहून ठेवले, आणि तत्त्व बरोबर आहे असे वाटत असूनही उत्तर मिळाले असा दावा केला नाही. आज वाहत्या द्रवाचा वेग मोजणारे विद्युतचुंबकीय फ्लोमीटर कारखान्यांत सर्रास वापरतात, ते याच तत्त्वावर चालतात.

फॅरेडेची प्रयोगवही हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे. प्रत्येक नोंदीला क्रमांक. हे क्रमांक १६ हजारांच्या पुढे गेले. यशस्वी प्रयोग, फसलेले प्रयोग, अर्धवट शंका, सगळे एकाच वहीत, एकाच अक्षरात. आणि आपल्याकडे? सिनियरचे जर्नल आधी येते, उत्तर आधी ठरते, मग त्याला शोभतील अशी रीडिंग्ज तयार होतात. ग्राफच्या रेषेवर सगळे बिंदू इतके नेमके बसतात की फॅरेडेलाही आश्चर्य वाटावे. यात विद्यार्थ्यांचा दोष आहे तसाच पद्धतीचाही आहे. न जुळलेले रीडिंग दाखवणाऱ्याला पुन्हा प्रॅक्टिकल करायला लावतात आणि जुळवून आणणाऱ्याला सही मिळते. आपल्या शिक्षकवर्गानेही हे वाचावे म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

फॅरेडेच्या शोधापासून पोलादाच्या कारखान्यापर्यंतचा रस्ता लांबचा होता. १८८० च्या दशकात फेरारिस आणि टेस्ला यांनी एकाहून जास्त फेजच्या विजेने चुंबक न हलवताच चुंबकक्षेत्र फिरवून दाखवले. १९०० मध्ये स्वीडनमध्ये केलिनने इंडक्शन भट्टीत पोलाद वितळवले. आज कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत आणि जालन्याच्या स्टील मिल्समध्ये ज्या इंडक्शन भट्ट्या आहेत, त्या याच घराण्यातल्या. अशा भट्टीत डोकावलं तर रस मध्यभागी फुगून वर आलेला दिसतो आणि आतून सारखा उसळत असतो. इंडस्ट्रियल व्हिजिटला मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आत कुणी पळी घालून ढवळतंय असंच वाटलं. १९७० च्या दशकात कंटिन्युअस कास्टिंगच्या यंत्रांवर खास ढवळण्यासाठीच्या कॉइल्स बसू लागल्या.

त्या करतात काय, हे समजायला पॉट आइस्क्रीम आठवा. फ्रीजमध्ये ट्रेमध्ये दूध नुसते ठेवले तर कडेपासून बर्फाच्या लांब सुया वाढतात आणि खाताना खडे लागतात. पॉटमध्ये मात्र आपण दांडा सारखा फिरवत असतो. भिंतीवर तयार होणारे स्फटिक सुटून मध्ये येतात, तिथे प्रत्येकाचे वेगळे बी होते आणि आइस्क्रीम मऊ, एकसारखे गोठते. पोलादाचेही तसेच. पाण्याने थंड केलेल्या तांब्याच्या साच्यात रस आला की आधी भिंतीला लागून घट्ट कवच बनते. त्याच्यापासून आतल्या बाजूला डेंड्राइट वाढतात, म्हणजे खोड आणि फांद्या असलेली स्फटिकांची झाडेच. वाढताना ती कार्बन, गंधक, फॉस्फरस हे घटक पुढच्या रसात ढकलत जातात, कारण घन लोखंडात त्यांना जागा कमी असते. दोन्ही बाजूंची झाडे मध्यावर येऊन भेटली की हा सगळा गाळ मध्यरेषेवर अडकतो, शिवाय आकुंचनाने तिथे पोकळीही राहते. पुढे त्याच पोलादाची सळई किंवा तार ओढताना ती बरोबर मधून तुटते.

साच्याभोवतीच्या कॉइलने चुंबकक्षेत्र फिरवले की रसात प्रवाह निर्माण होतात, त्यांच्यावर बल लागते आणि रस सेकंदाला वीतभर ते हातभर वेगाने फिरतो. ढवळल्यामुळे मधल्या रसाची जादा उष्णता लवकर बाहेर पडते. डेंड्राइटच्या फांद्या बुंध्याशी बारीक असतात, तिथे त्या वितळून सुटतात आणि प्रवाहाबरोबर मध्यभागी येतात. मधला रस पुरेसा थंड झालेला असेल तर हे तुकडे विरघळत नाहीत, प्रत्येकाचा एक ग्रेन होतो. लांबलचक कॉलम्नार ग्रेनच्या जागी बारीक, चहूकडून सारखे इक्विअ‍ॅक्स्ड ग्रेन मिळतात आणि मध्यरेषेवरचा गाळ पसरून कमी होतो. पोलादात बाहेरचे काहीही घालावे लागत नाही.

यात फॅरेडेचे भूत जागोजागी भेटते. साचा तांब्याचा, आणि तांब्यातही प्रवाह निर्माण होतात, ते चुंबकक्षेत्राला अडवतात. ५० हर्ट्झला तांब्याच्या साधारण एक सेंटीमीटर जाडीतच क्षेत्र एक तृतीयांशाच्या आसपास येते. म्हणून साच्यावरच्या स्टिररला फक्त काही हर्ट्झची वीज देतात. घट्ट झालेले कवच लोखंडाचेच असले तरी ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाचे चुंबकत्व नाहीसे होते, त्यामुळे ते फारसे आड येत नाही. आणि अति ढवळले तर कवचालगतचे घटक धुऊन जातात व एक फिकट पट्टा उमटतो, हा नवा दोष. स्वयंपाक असो की पोलाद, किती ढवळायचे हे कळावे लागते.

याची उलट बाजूही त्याने पाहिली होती. पिळलेल्या दोऱ्याला तांब्याचा तुकडा टांगून तो गरागरा फिरू दिला आणि मग विद्युतचुंबक चालू केला, की तुकडा जागच्या जागी थबकतो. स्थिर चुंबकक्षेत्र धातूच्या हालचालीला असा लगाम घालते. आज स्लॅब ओतताना रसाचा जोर आवरायला याच तत्त्वावरचा ब्रेक वापरतात, आणि आपल्या कॉम्प्युटरच्या चिपसाठी सिलिकॉनचा मोठा स्फटिक ओढतानाही वितळलेल्या सिलिकॉनची चुळबुळ चुंबकक्षेत्राने शांत करतात. चुंबक एकच, कुठे ढवळायचे आणि कुठे थांबवायचे ते आपण ठरवायचे.

आणि वूट्झचे काय झाले? फॅरेडे आणि स्टोडार्ट यांनी आम्लाने घासून त्यावरची नक्षी पाहिली होती. पण पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची पद्धत सॉर्बीने १८६० च्या दशकात सुरू केली, तेव्हा फॅरेडे म्हातारा झाला होता. १९९८ मध्ये अमेरिकेतला मेटलर्जिस्ट व्हरहोवेन आणि स्वतः हत्यारे घडवणारा लोहार पेंड्रे यांनी सहकाऱ्यासह असे दाखवले की या पोलादात सुमारे दीड टक्के कार्बन असतो, आणि नक्षीचे कारण म्हणजे व्हॅनेडियमसारख्या घटकांचा अगदी नाममात्र अंश. तो मुशीत सावकाश गोठताना डेंड्राइटच्या फांद्यांमध्ये साठतो आणि पुढे घडवताना त्या ओळींवर कार्बाइड जमतात. म्हणजे फॅरेडे पोलादात काय आहे हे शोधत होता, तर उत्तराचा अर्धा भाग ते गोठले कसे यात होता. आपल्या लोहाराला ते थिअरीने माहीत नव्हते, पण त्याच्या हाताला माहीत होते. ज्या सेग्रिगेशनशी आम्ही आज भांडतो, त्याच्यातूनच त्याने नक्षी काढली.

फॅरेडेचे उत्तरायुष्य साधेच गेले. इलेक्ट्रोलिसिसचे नियम, फॅरेडे केज, दीपगृहांचे काम, लहान मुलांसाठी नाताळची व्याख्याने, सगळे चालू होते. पण १८४० च्या आसपास प्रकृती ढासळली, चक्कर येऊ लागली आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. कालचा प्रयोग आज आठवत नसे, तेव्हा क्रमांक घातलेली ती वहीच त्याची आठवण झाली. सरदारकी त्याने नाकारली. ज्या रॉयल सोसायटीत जायला त्याला अडवले होते तिचे अध्यक्षपद समोर आले, तेही नाकारले. त्याच्या बलरेषांच्या चित्रांना समीकरणांत बसवायचे काम १८५५ नंतर तरुण मॅक्सवेलने हाती घेतले. १८६२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने ज्योतीच्या प्रकाशाच्या रेषांवर चुंबकाचा परिणाम होतो का ते पाहिले. काही दिसले नाही. तसे त्याने नोंदवले. १८९६ मध्ये झीमनने अधिक चांगल्या उपकरणांनी तोच परिणाम दाखवला आणि त्याला नोबेल मिळाले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट इथे, आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या फॅरेडे वारला. हायगेटच्या दफनभूमीत त्याचे साधे थडगे आहे.

मित्रमैत्रिणींनो, फॅरेडे थोर होता हे सांगायला माझी गरज नाही. मला सांगायचं आहे ते वेगळंच. पोलाद, काच, थेम्स, ज्योत, ही त्याच्या आयुष्यातली न जमलेली कामे. पण नमुने जपलेले होते आणि रीडिंग्ज खरी होती, म्हणून पुढच्या माणसाला ती उपयोगी पडली. जमवून आणलेल्या रीडिंगचा उपयोग फक्त सहीपुरता, त्यापुढे ते कुणाच्याच कामाचे नाही. पुढच्या टर्मला प्रॅक्टिकलमध्ये तुमचा एखादा बिंदू रेषेवर बसला नाही तर तो खोडू नका. बाजूला तारीख घाला आणि तिथेच राहू द्या.